आप्पाच्या अर्धी पायरी खाली

खडे घासणाऱ्यांच्या त्या गल्लीत पस्तीस-चाळीस चाकं तरी असतील, पण "हा ताईकडेच द्या" असं एखादा व्यापारी म्हणाला की कुठली ताई, असं कुणी विचारत नसे. ताईचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता, नखांच्या कडा कायमच्या करड्या झाल्या होत्या, आणि समोर कुणी कितीही बडबडत असलं तरी तिचा कान चाकावर असायचा. खड्याचा पैलू चाकावर नीट बसला की घासण्याचा आवाज बारीक बारीक होत जातो आणि एका क्षणी जवळजवळ थांबतोच. तो थांबला की ताई हात उचलायची. भिंग लावून तपासायची तिला गरज नव्हती. तपासायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

एवढं असूनही ताई सुखी नव्हती, कारण तिला एक धाकटी बहीण होती.

बहिणी पुष्कळांना असतात. पण ताईची बहीण पारखी होती, म्हणजे खड्यांची किंमत ठरवणारी. त्याच गल्लीच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी तिचं टेबल होतं. त्या खिडकीत ऊन थेट कधी येत नाही, म्हणून तिथला उजेड खोटं बोलत नाही असं म्हणतात. तोही फक्त सकाळी दहा ते बारा. बाराचा ठोका पडला की ती चिमटा खाली ठेवायची, मग दारात कुणी का उभा असेना. "आम्ही घासणारे बारानंतर आंधळेच होत असू बहुतेक," ताई म्हणायची. बहिणीला सगळा बाजार मॅडम म्हणायचा, म्हणून तिच्या पाठीमागे ताईही मॅडमच म्हणायची, फक्त जरा नाकातून.

ताई एका खड्याला चार दिवस घासणार आणि मॅडम त्याच्याकडे चार मिनिटं बघून चिठ्ठीवर चार शब्द खरडणार. त्या चार शब्दांवर खडा पेटीत जाणार की परत पुडीत, हे ठरणार. व्यापारी ताईच्या दुकानात उभ्या उभ्या बोलून जात, आणि मॅडमकडे तेच व्यापारी जिन्यात तासभर ताटकळत, वर हसतमुखाने. हे बघितलं की ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"चार मिनिटं!" ती घरी नवऱ्यावर डाफरायची. "चहा उकळायला त्याहून जास्त वेळ लागतो."

नवरा घरोघर पाण्याच्या मीटरचे आकडे घेत हिंडायचा. मत्सर नावाचा अवयव त्याला जन्मतःच मिळाला नव्हता. "अगं, मीही मीटरकडे दोनच मिनिटं बघतो," तो म्हणायचा. "पाणी त्यांनी महिनाभर वापरलेलं असतं."

"तुम्ही गप्प बसा."

तो बसायचा. त्याचं त्याला काही वाटायचंही नाही, आणि याचाही ताईला राग यायचा.

पण चार मिनिटांचं हे दुखणं वरवरचं होतं. खरा काटा आत रुतलेला होता, आणि तो आप्पांनी रोवून ठेवला होता.

आप्पा म्हणजे दोघींचे वडील. त्या गल्लीतला सगळ्यात चांगला हात त्यांचा, आणि सगळ्यात तिखट जीभही त्यांचीच. थोरलीला त्यांनी बाराव्या वर्षी चाकाशी बसवलं. धाकटीलाही बसवून पाहिलं, पण तिचा हात थरथरायचा. आठवडाभरात तिने चार खडे वाया घालवले, तेव्हा आप्पांनी तिला उठवलं आणि पांढऱ्या कागदावर खड्यांचे रंग लावत बसायला सांगितलं. ती तिथे बसली ती बसलीच. थोरलीबद्दल ते आल्यागेल्याला सांगायचे, "हिच्या हातात दिलेला खडा आहे तसा कधी परत यायचा नाही." ताईला ते कौतुक वाटायचं. लहानपणी ऐकलेलं ते वाक्य तिने बक्षिसासारखं जपून ठेवलं होतं.

जायच्या आधी आप्पांनी वाटणी केली. वाटण्यासारख्या वस्तू दोनच होत्या. "चाक थोरलीला," ते म्हणाले, "आणि खडा धाकटीला."

चाकाचं ताईला काही वाटलं नाही, ते तर ती आधीपासून चालवतच होती. पण खडा! तो करंगळीच्या नखाएवढा, लांबट गोल नीलम होता. कुठल्याशा ढिगातून तो आप्पांनी कच्चा उचलला होता आणि दार लावून तीन महिने एकट्याने घासला होता. मागायला कितीजण आले, पण त्यांनी विकला नाही. कधी दाखवलाच तर पांढऱ्या कागदावर, माथा वर करून, हात न लावू देता. असा निळा रंग ताईने पुन्हा कुठे पाहिला नव्हता. काठापासून काठापर्यंत सारखा, भरलेला. आणि तो गेला कुणाकडे, तर जिला पैलू पाडता येत नाही तिच्याकडे.

मॅडमनी त्याचं काय केलं, तर माप केलं. डोळ्याला रंग लक्षात राहत नाही. काल बघितलेला निळा आणि आज बघतोय तो निळा यांत कुठला गडद, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. म्हणून पारखी हाताशी एक खडा ठेवतात आणि दुसरे त्याच्या शेजारी लावून बघतात. मॅडमनी आप्पांचा खडा ठेवला. कुणी निळा खडा आणला की तो याच्या बाजूला ठेवायचा आणि लिहायचं, एक पायरी खाली, दोन पायऱ्या खाली. हळूहळू बाजार त्या खड्यालाच आप्पा म्हणायला लागला. "तुझा आप्पाला किती कमी भरला?" असं व्यापारी एकमेकांना विचारायचे. वडील जाऊन बावीस वर्षं झाली होती, पण गल्लीतल्या यच्चयावत निळ्या खड्यांची किंमत अजून तेच ठरवत होते.

या बावीस वर्षांत ताईने शेकडो निळे खडे घासले. एकही आप्पाच्या वर गेला नाही. बरोबरीलाही आला नाही. दर वेळी मॅडमची चिठ्ठी यायची, सरळ, गोल अक्षरातली, 'आप्पाच्या एक पायरी खाली'. वडिलांच्या हाताने धाकटी आपल्याला वर्षानुवर्षं थोबाडीत मारतेय, असं ताईला वाटायचं. तिला दुसरं काही नको होतं. आपला एक खडा, फक्त एक, त्या टेबलावर आप्पाच्या वर लागलेला बघायचा होता.

त्यासाठी तिने स्वतःच्या पैशाने एक कच्चा नीलम घेतला. पोटाला चिमटा काढून घेतला, असंच म्हणायचं. आत डाग नाही, रंग सगळीकडून सारखा, भट्टीत भाजून आणलेला नव्हे तर जमिनीतून निघाला तसाच. मुद्दाम आप्पाच्याच आकाराचा, आप्पाच्याच लांबी-रुंदीचा घासला. दोन महिने लागले. स्वतः तीन जिने चढून तो मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी तो आप्पाशेजारी लावला, दोन्ही खड्यांना चिमट्याने चारी बाजूंनी फिरवलं, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा खड्यांकडे पाहिलं.

"फार सुंदर झालाय, ताई," त्या म्हणाल्या आणि लिहिलं, 'आप्पाच्या अर्धी पायरी खाली'.

ताईने तो विकलाच नाही. पुडीत घालून कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला. एक चष्मेवाला व्यापारी दोनदा विचारून गेला, "अर्धी पायरी म्हणजे काहीच नाही हो, द्या मला." काहीच नाही! त्याला काय कळणार?

किंमत कशी ठरते, हे ताईला ठाऊक नव्हतं असं नाही. रंग, नितळपणा, घडण, वजन हे तर गल्लीतलं मांजरही सांगेल. दोन कॅरेटला एक केस कमी भरला की भाव कोसळतो, म्हणून घासणारे बुडाशी उगाच पोट राखतात, हेही तिला माहीत होतं. पण काही गोष्टी तिच्या डोक्यात शिरत नसत. तिने घासलेला एक पाचू सात महिने कुणी हुंगला नव्हता. मग तो एका जुन्या नाटकवालीच्या अंगठीतला आहे, अशी कुणीतरी आवई उठवली आणि आठ दिवसांत तो गेला, तोही चढ्या भावाने.

"दगड तोच, पैलू तेच," ताई तेव्हा बहिणीला म्हणाली होती. "मग हे काय?"

"दगड तोच आहे गं," मॅडम म्हणाल्या होत्या. "पण आता त्याला माणूस चिकटलाय."

ताईने नाक मुरडलं होतं.

एके दिवशी सकाळी साडेदहाला, म्हणजे ऐन बघण्याच्या वेळेला, मॅडम ताईच्या दुकानाच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, आप्पा पडला."

बावीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस आता कसा पडेल, हे कळायला ताईला क्षणभर लागलं.

"चिमट्यातून उडाला आणि खिडकीच्या दगडावर आपटला," मॅडम सांगत होत्या. "वरच्या कडेला टवका गेलाय. तेवढाच काढून दे. दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "बुडाला मात्र हात लावू नकोस हं."

"का?"

"आप्पांनी सांगितलं होतं मला, खडा देताना. बुडाला कुणाला हात लावू देऊ नकोस म्हणून."

"तू मला शिकवणार आता?"

"शिकवत नाही गं, निरोप सांगतेय."

म्हणजे निरोपही धाकटीकडेच ठेवला होता. पुडी घेताना ताई एवढंच म्हणाली, "परवा ने."

मॅडम गेल्यावर तिने दार लोटून घेतलं, दिवा ओढला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा आप्पांचा खडा हातात घेतला. वरचा टवका अगदीच किरकोळ होता, तासाभराचं काम. तिने खडा उलटा केला, भिंग लावलं आणि बघतच राहिली.

बूड वाकडं होतं! टोक मधोमध यायला हवं, ते एका बाजूला गेलं होतं, आणि त्या बाजूचं पोट कलत्या पोत्यासारखं फुगलं होतं. पैलूही लहानमोठे, कसेतरी टेकवल्यासारखे. शिकाऊ पोराने असं बूड आणलं असतं तर आप्पांनी त्याला गल्लीबाहेर हाकललं असतं.

ताईला आधी विश्वास बसेना, मग हसू आलं, आणि मग इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. म्हणून दाखवत नव्हते तर! म्हणून हात लावू देत नव्हते! हात चुकला होता म्हाताऱ्याचा, आणि त्या चुकलेल्या हाताखाली मॅडमनी आपल्याला बावीस वर्षं पायऱ्या मोजत उभं केलं होतं. ताईने मनातल्या मनात मांडे खायला सुरुवात केली. बूड सरळ करायचं, टोक मध्ये आणायचं, पैलू एकसारखे पाडायचे. खडा दुप्पट उजळेल. मॅडम बघतील, सगळा बाजार बघेल, आणि विचारतील, असा कसा झाला हो आप्पा? मग आपण चारचौघांत शांतपणे सांगायचं की बूड वाकडं होतं, मी सरळ केलं. मग कुणाच्या पायऱ्या मोजायच्या त्या मोजा.

इथे एक सांगायला हवं. कुठलाही खडा घासण्यासाठी काडीला चिकटवायच्या आधी पाण्यात बुडवून बघायचा, हा त्या धंद्यातला पहिला धडा. हवेत पैलूंच्या झगमगाटात काही कळत नाही. पाण्यात ती झगमग विझते आणि खड्याच्या आत रंग नेमका कुठे बसलाय ते दिसतं, कारण तो सगळीकडे सारखा असतोच असं नाही. कधी पट्टा असतो, कधी नुसता एक कोपरा. ताईने आयुष्यात पाण्यात न बुडवता एकही खडा घासला नव्हता. फक्त हा घासला. आप्पाचा रंग सगळ्या दुनियेला पाठ होता. सगळे खडे ज्याच्याशी ताडून बघायचे, त्यालाच तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. बावीस वर्षांत मॅडमच्याही नाही.

तिने वरचा टवका आधी काढला. मग दुसऱ्या काडीवर काळी लाख तापवली, खडा तोंडावर पालथा चिकटवला आणि बूड चाकाला लावलं.

काम सुरेख चाललं होतं. पाण्याचा थेंब थेंब पडत होता, चाकाचा आवाज तिला हवा तसा बारीक होत होता. फुगलेलं पोट उतरलं, टोक सरकत सरकत मधे आलं. घासता घासता ती आप्पांशी मनात बोलत होती. बघा, असं करायचं असतं. तुमच्या लाडकीला येईल का हे? खडा काळ्या लाखेत रुतलेला होता, त्यामुळे घासताना माथा दिसत नाही. त्याची तिला सवय होती. दुपारी एकच्या सुमाराला तिने शेवटचा पैलू उचलला. बूड आरशासारखं झालं होतं.

लाख तापवून तिने खडा सोडवला, स्पिरिटने पुसला आणि पांढऱ्या कागदावर माथा वर करून ठेवला.

कागदावर पाण्याचा थेंब पडल्यासारखा एक फिकट खडा होता.

लाख राहिली असेल, असं तिला वाटलं. पुन्हा पुसला. दिवा बदलला. खिडकीपाशी नेला. मग तिने तो पाण्याच्या पेल्यात टाकला, जे तिने सकाळी करायला हवं होतं. खडा पाण्यात जवळजवळ दिसेनासा झाला. तळाशी, अगदी टोकाला, कुणी निळ्या शाईचं बोट पुसावं तेवढा एक डाग उरला होता.

सगळा निळा तिथेच होता. त्या वाकड्या पोटात, एका थेंबात. आप्पांनी बूड वाकडं अशासाठी ठेवलं होतं की तो थेंब टोकाखाली राहावा, आणि पैलू लहानमोठे अशासाठी की त्या थेंबाचा रंग उचलून त्यांनी काठापासून काठापर्यंत पसरवावा. ताईने तो थेंब घासून टाकला होता. तिने चाकाखाली साठलेल्या गाळात बोट घातलं. गाळ करडाच होता. निळ्या खड्याची भुकटीही निळी नसते.

पहिल्यांदा आला तो राग. फसवलं म्हाताऱ्याने, ती स्वतःशी म्हणाली. कवडीचा फिकट दगड, आणि त्याला एक थेंब लावून बाजाराला बावीस वर्षं नाचवलं. मग भीती. परवा मॅडम येणार. आणि मग कपाटातल्या कपड्यांखालची पुडी आठवली. तोच आकार, तीच लांबी-रुंदी.

फक्त तिच्या खड्याचं बूड सरळ होतं.

दुसऱ्या दिवशी ताईने आपल्या हाताने, स्वतःच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या खड्याचं बूड वाकडं केलं. आधी पाण्यात बुडवून बघितलं, मग घासलं. टोक बाजूला नेताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते चाकावरच्या पाण्यात पडत होतं. नंतर तो खडा तिने आप्पांच्या जुन्या पुडीत घातला. असं का केलं, हे विचारलं असतं तर भीतीने, असं ती म्हणाली असती, आणि ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं की तिला बघायचं होतं. ओळखला तर ओळखला, होऊन जाऊ दे एकदाचं. पण नाही ओळखला तर तिचा खडा आप्पाच्या जागेवर बसणार होता.

मॅडमनी पुडी उत्तरेच्या खिडकीत उघडली. ताई समोर उभी होती. मॅडमनी आधी कडेला भिंग लावलं, टवका गेलाय ना ते पाहिलं. मग भिंग ठेवलं आणि नुसत्या डोळ्यांनी बघत राहिल्या. वजन किंचित कमी भरलं, पण ते भरणारच होतं. एक मिनिट, दोन मिनिटं. चौथ्या मिनिटाला मॅडमचे डोळे भरून आले.

"इतकी वर्षं बघतेय," त्या म्हणाल्या, "पण आज जरा जास्तच खुललाय. तो टवका बोचत असणार. आप्पांचा हात तो आप्पांचा हात गं, ताई."

ताईचा जीव भांड्यात पडायला हवा होता. त्याऐवजी तिच्या पोटात आग पडली.

"आणि माझा तो?" तिच्या तोंडून निघून गेलं. "गेल्या वर्षीचा. तो याच्या शेजारी लावला तर?"

"चांगलाच होता तो," मॅडम समजुतीने म्हणाल्या. "पण अर्धी पायरी कमीच. मी लिहिलं होतं ना तेव्हा."

ताईला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं बये, हाच तो! पण सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. ती मूग गिळून तीन जिने उतरली.

त्या दिवसापासून ताईची अवस्था अशी झाली की कुणाला सांगायची सोय नाही. तिला हवं ते मिळालं होतं. तिचा खडा सगळ्या बाजाराच्या वर बसला होता, व्यापारी त्याच्यापुढे श्वास रोखून उभे राहत होते, आणि कौतुक आप्पांचं होत होतं. पूर्वी ती बहिणीवर जळायची, वडिलांवर जळायची. आता स्वतःच्याच खड्यावर जळायला लागली. नवरा म्हणाला, "तुझा चेहरा हल्ली मीटर उलटा फिरल्यासारखा दिसतो." ती त्याला गप्प बसा म्हणायचंही विसरली.

आणि तिने एक वेड घेतलं. कुणी घेत नाही असे फिकट दगड, ज्यांच्यात कुठेतरी एखादा रंगाचा थेंब आहे, असे ती ढिगातून वेचून आणायला लागली. म्हाताऱ्याला जमलं ते मला न जमायला काय झालं? थेंब टोकाखाली धरायचा आणि रंग पसरवायचा, एवढंच तर. पहिल्या खड्यात मधे एक निळा ठिपका आला, माशाच्या डोळ्यासारखा, आणि भोवती सगळं पाणी. दुसऱ्यात तोही नाही. दहाव्यात अर्ध्या बाजूला निळा, अर्ध्या बाजूला कोरा. रोज दुपारी गिऱ्हाइकाचं काम उरकलं की ती दार लोटून बसायची. वर्षभरात तिने एकतीस दगड घासले. एकाचाही रंग काठापर्यंत पोचला नाही.

वर्षाने तिने गिऱ्हाइकाचा एक मोठा नीलम मॅडमकडे नेला. चांगला घासला होता, ते तिला ठाऊक होतं. मॅडमनी तो आप्पाशेजारी, म्हणजे ताईच्याच खड्याशेजारी लावला आणि हसल्या.

"पाव पायरी, ताई! इतक्या जवळ कुणीच आलं नव्हतं. तूसुद्धा नाही." चिठ्ठी लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "एक विचारू? हा तुला न देता मला दिला, याचा राग आहे ना तुझ्या मनात अजून?"

ताईने रिकाम्या पुडीची घडी घालायला घेतली.

"मी तेव्हाच विचारलं होतं आप्पांना. ताईचा हात एवढा चांगला, मग खडा तिला का नाही? तर म्हणाले, ती त्याला सुधारायला जाईल." मॅडमनी लेखणी खाली ठेवली. "आणि मला म्हणाले, तुझ्या हातून काहीच व्हायचं नाही, म्हणून तुझ्याकडे सुखरूप राहील. त्या दिवशी इतकी जळले मी तुझ्यावर. सुधारायला जाण्याइतका तरी हात आहे तिच्याकडे, असं वाटलं. बावीस वर्षं, आता तेवीस झाली, रोज हा खडा बघितला की ते वाक्य ऐकू येतं."

ताईने टेबलाचा काठ घट्ट धरला. "हिच्या हातात दिलेला खडा आहे तसा कधी परत यायचा नाही." पन्नास वर्षं बक्षीस म्हणून जपलेलं वाक्य तिला आता पहिल्यांदा नीट ऐकू आलं. सांगून टाकावं, असं तिला वाटलं, ओठही हलले. पण बहीण त्या खड्याकडे ज्या मायेने बघत होती ती बघून तिचा धीर झाला नाही.

"मीही जळतेच की तुझ्यावर," ती एवढंच म्हणाली.

"माहीत आहे गं," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या गल्लीला माहीत आहे."

दुकानात येऊन ताईने दार लोटलं आणि खणातला फिकट खडा काढला. त्याचा माथा तिने त्या दिवशी कडेपुरताच घासला होता, माथ्यावरचे बाकी सगळे पैलू आप्पांचेच होते. भिंग लावून ती एकेक बघत गेली. एकतीस दगड घासल्यावर आता तिला कळत होतं की प्रत्येक पैलू कुठल्या बाजूला किती कलता ठेवलाय आणि का. असा हात तिच्याकडे नव्हता. तिने भरलेल्या निळ्या दगडातून निळा खडा काढला होता, त्यांनी कोऱ्या दगडातून. मधे अर्धी पायरी नव्हतीच कधी, अख्खा जिना होता. हे साऱ्या जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं, आणि दाखवायला पुरावा उरला नव्हता.

तिचा मत्सर गेला, असं म्हणावं तर तसं झालं नाही. पोटात दुखतच होतं. फक्त आता कुणामुळे, ते तिला नेमकं ठाऊक होतं. तिने मॅडमची चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. 'आप्पाच्या पाव पायरी खाली'. मॅडमनी फारच सढळ हाताने लिहिलं होतं. चिठ्ठीची घडी घालून तिने ती फिकट खड्याच्या पुडीत ठेवली, ढिगातून आणलेला बत्तिसावा दगड उचलला आणि आधी पाण्यात बुडवून बघितला.